विश्लेषण : ४४ वर्षांनी मृतांची नावे कळली, मग खुनी का सापडेना? हौशी गुप्तहेरांची मदत किती, अडचण किती?

अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यात १९७६ मध्ये एका तरुणाचा आणि तरुणीचा गोळ्या घालून खून झाला. दोघे कोण होते, हे ४४ वर्षे कोणालाच कळले नाही. या काळात पोलीस अधिकारी बदलले, निवृत्त झाले. पण हजारो हौशी गुप्तहेर इंटरनेटवर या प्रकरणाचा कीस काढत राहिले. जानेवारी २०२१ मध्ये डीएनएच्या आधारे दोघांची नावे जाहीर झाली. त्यानंतर अनेक जुने तर्क एका दिवसात मोडीत निघाले. खुनी मात्र अजूनही कायद्याच्या दृष्टीने अज्ञातच आहे. हे प्रकरण नेमके काय, ओळख कशी पटली आणि घरबसल्या तपास करणाऱ्यांचा त्यात खरोखर उपयोग होतो का, याविषयी…

प्रकरण काय आहे?

९ ऑगस्ट १९७६ च्या सकाळी साउथ कॅरोलायनातील समटर काउंटीत, इंटरस्टेट ९५ या महामार्गापासून जवळच असलेल्या एका आडबाजूच्या कच्च्या रस्त्यावर एका ट्रकचालकाला दोन मृतदेह दिसले. दोघांवरही प्रत्येकी तीन गोळ्या झाडलेल्या होत्या. पाकीट, वाहन परवाना, पत्ता लिहिलेला कागद असे ओळख पटवणारे काहीच जवळ नव्हते. परिसरात अशी कोणी माणसे बेपत्ता असल्याची नोंद नव्हती. इंटरस्टेट ९५ हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उत्तर-दक्षिण धावणारा मोठा महामार्ग आहे. त्यामुळे मृत आणि मारेकरी दोघेही बाहेरचे असण्याची शक्यता पहिल्या दिवसापासून होती.

पोलिसांनी वर्णन प्रसिद्ध केले, रेखाचित्रे छापली. कोणीतरी ओळखेल या आशेवर मृतदेहांवर रासायनिक प्रक्रिया करून ते सुमारे वर्षभर जतन केले गेले. शेवटी १९७७ मध्ये स्थानिक चर्चच्या दफनभूमीत दोघांना शेजारी शेजारी पुरण्यात आले. अमेरिकेत अनोळखी पुरुषाला ‘जॉन डो’ आणि स्त्रीला ‘जेन डो’ म्हणण्याची पद्धत आहे. हे दोघे ‘समटर काउंटी डो’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

दुवे हाती असूनही ओळख का पटली नाही?

या प्रकरणात दुव्यांचा तुटवडा नव्हता, हेच त्याचे वैशिष्ट्य. पुरुषाच्या अंगावर कूर्स या बिअरचे नाव असलेला टी-शर्ट होता आणि त्यावर १९७५ च्या सेब्रिंग मोटार शर्यतीचा उल्लेख होता. हातात बुलोव्हा कंपनीचे घड्याळ होते. बोटात सोन्याची अंगठी होती आणि तिच्यावर ‘जेपीएफ’ ही तीन आद्याक्षरे होती. त्याच्या दातांवर बारकाईने आणि महागडे उपचार झालेले होते. तरुणीच्या बोटांत चांदीच्या अंगठ्या होत्या.

शर्यतीचे नाव आहे, आद्याक्षरे आहेत, दातांचे काम आहे. तरी नाव मिळाले नाही. याचे कारण त्या काळातील नोंदींच्या पद्धतीत आहे. अमेरिकेच्या तपास यंत्रणांच्या राष्ट्रीय संगणकीय नोंदवहीत बेपत्ता व्यक्तींचा स्वतंत्र विभाग १९७५ मध्ये सुरू झाला. अनोळखी मृतदेहांचा विभाग तर १९८३ मध्ये आला. म्हणजे १९७६ मध्ये एका राज्यात सापडलेला मृतदेह दुसऱ्या राज्यातील बेपत्ता व्यक्तीशी जोडून पाहण्याची सोय जवळपास नव्हतीच. एखाद्या पोलीस ठाण्यात तक्रार असली, तरी ती तिथल्याच कपाटात राहायची. त्यातून बेपत्ता व्यक्ती सज्ञान असेल, तर ‘स्वतःच्या मर्जीने निघून गेली असेल’ असे गृहीत धरले जाई. सत्तरच्या दशकातील अमेरिकेत घर सोडून लिफ्ट मागत देशभर भटकणारे तरुण कमी नव्हते.

ओळख नेमकी कशी पटली?

२००७ मध्ये डीएनए नमुने घेण्यासाठी दोघांचे अवशेष उकरून काढण्यात आले. तोवर बराच काळ, हे दोघे भाऊ-बहीण असावेत असा कयास होता. चाचणीत त्यांच्यात रक्ताचे नाते नसल्याचे स्पष्ट झाले. पण नाव काही कळले नाही. कारण पोलिसांच्या डीएनए नोंदवहीत शोधण्यासाठी तिथे त्याच व्यक्तीचा किंवा आई-वडील, भावंडे अशा अगदी जवळच्या नातेवाईकाचा नमुना असावा लागतो. तो नव्हता.

खरे वळण आले ते २०१९ मध्ये. समटरच्याच एका नागरिकाने शेरीफच्या कार्यालयाला ‘डीएनए डो प्रोजेक्ट’ या स्वयंसेवी संस्थेची मदत घेण्याचे सुचवले. कॉलिन फिट्झपॅट्रिक आणि मार्गारेट प्रेस यांनी २०१७ मध्ये स्थापन केलेली ही संस्था अनोळखी मृतांची नावे शोधण्याचे काम करते. २१ जानेवारी २०२१ रोजी अधिकाऱ्यांनी नावे जाहीर केली. तरुणी होती पामेला मे बकली, तर पुरुष होता जेम्स पॉल फ्रॉइंड. अंगठीवरची ‘जेपीएफ’ ही अक्षरे त्याच्याच नावाची आद्याक्षरे होती. पामेला कोलोरॅडो राज्यातील कोलोरॅडो स्प्रिंग्जहून, तर जेम्स पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टरहून डिसेंबर १९७५ पासून बेपत्ता होते. खुनाच्या वेळी ती २५ वर्षांची आणि तो ३० वर्षांचा होता.

हे तंत्र काम कसे करते?

पोलिसांची नेहमीची डीएनए चाचणी जनुकीय साखळीतील ठरावीक ठिकाणे तपासते. अमेरिकेच्या ‘कोडिस’ या नोंदवहीत २०१७ पासून अशी २० मुख्य ठिकाणे तपासली जातात. ‘हा नमुना याच माणसाचा आहे का’ या प्रश्नाचे उत्तर त्यातून चांगले मिळते. दूरचे नातेवाईक मात्र त्यातून सापडत नाहीत.

नव्या पद्धतीत ‘एसएनपी’ म्हणून ओळखली जाणारी लाखो ठिकाणे वाचली जातात. त्यामुळे दोन व्यक्तींच्या डीएनएचा किती भाग समान आहे, हे मोजता येते. चुलत, मामे, आते किंवा मावस भावंडांमध्ये सरासरी साडेबारा टक्के डीएनए समान असतो. ज्यांचे पणजोबा-पणजी एकच, अशा भावंडांत तो सरासरी तीन टक्क्यांच्या आसपास, तर आणखी एक पिढी मागे गेल्यास एक टक्क्याहूनही कमी असतो. एवढा लहान भागही संगणकाला ओळखता येतो.

आपले मूळ जाणून घेण्यासाठी लाळेचा नमुना देऊन चाचणी करून घेणारे अमेरिकेत लाखो लोक आहेत. त्यातले काही जण आपला अहवाल ‘जेडमॅच’सारख्या खुल्या संकेतस्थळावर टाकतात. अनोळखी मृताचा अहवाल तिथे टाकला, की त्याच्या दूरच्या नातेवाईकांची यादी मिळते. यानंतरचे काम प्रयोगशाळेत होत नाही. ते कागदपत्रांत होते. जुनी जनगणना, जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी, वृत्तपत्रांतील शोकसंदेश चाळून स्वयंसेवक प्रत्येक नातेवाईकाचा वंशवृक्ष मागे मागे नेतात. आपल्याकडे घराण्याचा कुलवृत्तांत तयार करतात, त्याच्या उलट्या दिशेने हे काम चालते. दोन वेगळ्या वंशवृक्षांना जोडणारा एखादा विवाह सापडला, की त्या जोडप्याच्या वंशजांत मृत व्यक्ती असण्याची शक्यता बळावते. मग त्या कुटुंबात कोणाचा ठावठिकाणा लागत नाही, एवढे तपासायचे उरते. शेवटी जवळच्या नातेवाईकाच्या नमुन्याशी किंवा इतर नोंदींशी ताडून खात्री केली जाते.

‘गोल्डन स्टेट किलर’ म्हणून कुप्रसिद्ध असलेला कॅलिफोर्नियातील माजी पोलीस जोसेफ डीअँजेलो एप्रिल २०१८ मध्ये याच मार्गाने पकडला गेला. त्याच महिन्यात डीएनए डो प्रोजेक्टने ओहायोत १९८१ मध्ये सापडलेल्या ‘बकस्किन गर्ल’ची ओळख पटवली होती.

नावे कळल्यावर जुन्या तर्कांचे काय झाले?

या प्रकरणावर इंटरनेटवर वर्षानुवर्षे चर्चा सुरू होती. तिथला सर्वांत लोकप्रिय तर्क एका कॅम्पग्राउंडवर काम करणाऱ्याच्या आठवणीवर उभा होता. मृत तरुणासारखा दिसणारा माणूस आपल्याला भेटला होता, तो स्वतःला ‘जॉक’ किंवा ‘जॅक’ म्हणवत होता आणि आपण कॅनडातील डॉक्टरचा मुलगा असल्याचे सांगत होता, असे त्याचे म्हणणे होते. महागडे दातांचे काम या गोष्टीला पूरक वाटले. त्यामुळे कॅनडातील, विशेषतः फ्रेंच भाषक कुटुंबांचा शोध हौशी मंडळींनी कसून घेतला. दोघे परदेशी पर्यटक असावेत, श्रीमंत घरचे असावेत, भावंडे असावीत, नुकतेच लग्न झालेले असावे, अशा कथा रचल्या गेल्या.

प्रत्यक्षात दोघेही अमेरिकी निघाले. दोन हजारांहून अधिक किलोमीटर अंतरावरच्या दोन वेगळ्या गावांतून ते आले होते. त्या साक्षीदाराला भेटलेला माणूस खरोखर दुसराच कोणी असेल किंवा अनेक वर्षे चर्चेत राहिलेली आठवण मुळातच पुसट असेल. मुद्दा असा, की एका अपुष्ट जबाबावर हजारो तासांचे शोधकाम उभे राहिले होते. दुसरीकडे, अंगठीवरील आद्याक्षरे हा निर्जीव पण खरा पुरावा पहिल्या दिवसापासून समोर होता. तो चुकीचा नव्हता. त्याला जोडायला बेपत्ता व्यक्तींची पूर्ण यादीच कोणाकडे नव्हती.

अशा चर्चेत आणखी एक चूक वारंवार दिसते. वयाचा अंदाज, उंची, केसांचा रंग या शवविच्छेदनातील नोंदी काटेकोर मानल्या जातात. पण वयाचा अंदाज ही एक कक्षा असते. पुरुषाचे वय १८ ते ३० आणि स्त्रीचे १८ ते २५ असे नोंदवले गेले होते. प्रत्यक्षात दोघेही त्या कक्षेच्या वरच्या टोकाला निघाले. ‘विशीतले जोडपे’ शोधणाऱ्यांच्या यादीतून ३० वर्षांचा माणूस सहज निसटू शकतो.

मग खुनी का सापडला नाही?

नाव कळणे म्हणजे गुन्हा उकलणे नव्हे. खुनाच्या तपासात पोलीस सर्वसाधारणपणे मृतापासून सुरुवात करतात. तो शेवटचा कोणाला भेटला, कोणाशी वाद होता, पैसे कुठून येत होते, गाडी कोणती होती, हे पाहिले जाते. समटरमध्ये ही सुरुवातच ४४ वर्षे उशिरा झाली.

आता तपासासमोरचा मुख्य प्रश्न आहे तो डिसेंबर १९७५ ते ऑगस्ट १९७६ या आठ महिन्यांचा. पेनसिल्व्हेनियाचा माणूस आणि कोलोरॅडोची तरुणी कुठे भेटले? ते किती काळ बरोबर होते? समटरपर्यंत कसे आले? त्यांच्याकडे गाडी होती की ते कोणाच्या गाडीत बसले? हे प्रश्न १९७६ मध्ये विचारता आले असते, तर मोटेल, पेट्रोल पंप, खानावळी, बँक यांच्या नोंदी मिळाल्या असत्या. आज बहुतेक साक्षीदार हयात नाहीत किंवा वृद्ध झाले आहेत आणि नोंदी नष्ट झाल्या आहेत.

या प्रकरणात एक संशयित फार पूर्वीच पुढे आला होता. १९७७ मध्ये साउथ कॅरोलायनातच दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल पकडलेल्या एका माणसाकडे क्रमांक घासून काढलेले रिव्हॉल्व्हर सापडले होते. खुनात वापरलेल्या गोळ्यांशी ते जुळत असल्याचा निष्कर्ष तपासात निघाला होता. पण शस्त्र जुळणे आणि ते खुनाच्या दिवशी त्याच माणसाच्या हातात असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. शस्त्र हातोहात विकले जाते, चोरीला जाते. त्या माणसावर खुनाचा आरोप ठेवला गेला नाही आणि तो आज हयात नाही. मृत व्यक्तीवर खटला चालत नाही. पुरावा पुरेसा असेल, तर अमेरिकेत पोलीस असे प्रकरण ‘आरोपीच्या मृत्यूमुळे निकाली’ अशी नोंद करून बंद करू शकतात. न्यायालयात दोष सिद्ध होणे वेगळे आणि फाइल बंद होणे वेगळे. इंटरनेटवरील चर्चेत हा फरक बहुतेक वेळा पुसला जातो.

ह्यूस्टनच्या प्रकरणात काय घडले?

नाव कळल्याने तपास कसा बदलतो, याचे ठळक उदाहरण टेक्सासचे आहे. जानेवारी १९८१ मध्ये ह्यूस्टनच्या परिसरात, हॅरिस काउंटीतील झाडीत एका तरुण-तरुणीचे मृतदेह जवळजवळ सापडले. पुरुषाला बांधून मारहाण झाली होती, तर तरुणीचा गळा आवळला होता. त्यांची ओळख ४० वर्षे पटली नाही. २०२१ मध्ये याच वंशवृक्ष पद्धतीने ते फ्लोरिडाहून टेक्सासला आलेले हॅरोल्ड डीन क्लाउस आणि त्याची पत्नी टीना असल्याचे समोर आले. डीन २१ वर्षांचा, तर टीना १७ वर्षांची होती.

शोध घेणाऱ्यांनी नातेवाईकांना फोन केला, तेव्हा त्यांच्याकडूनच एक प्रश्न आला : बाळ कुठे आहे? दोघांना हॉली नावाची तान्ही मुलगी होती. मृतदेहांजवळ बाळाचा मागमूस नव्हता. मृत कोण हेच माहीत नसल्याने, एक बाळ बेपत्ता आहे याचा पोलिसांना चार दशके पत्ताच नव्हता.

कुटुंबाने आणखी एक गोष्ट सांगितली. १९८०-८१ च्या सुमारास ‘सिस्टर सुझन’ असे नाव सांगणाऱ्या एका स्त्रीचा फोन आला होता. डीन आणि टीना आपल्या धार्मिक गटात सामील झाले आहेत, त्यांना घरच्यांशी संबंध ठेवायचा नाही आणि पैसे दिल्यास त्यांची गाडी परत करू, असा तो निरोप होता. झग्यासारखा वेश केलेल्या स्त्रियांनी गाडी फ्लोरिडात आणून दिलीही.

जून २०२२ मध्ये टेक्सासच्या अधिकाऱ्यांनी जाहीर केले, की हॉली जिवंत आहे. तिला ॲरिझोनातील एका चर्चमध्ये पांढरे झगे घातलेल्या, अनवाणी आलेल्या दोन स्त्रियांनी सोपवले होते. त्यानंतर ती दत्तक कुटुंबात वाढली. दत्तक घेणाऱ्या कुटुंबाचा गुन्ह्याशी संबंध नसल्याचे अधिकाऱ्यांनी स्पष्ट केले. चाळिशी ओलांडलेल्या हॉलीला आपल्या आजी-मावश्या भेटल्या. मात्र तिच्या आई-वडिलांचा खून कोणी केला, याचे उत्तर अजून मिळालेले नाही. त्या भटक्या गटाविषयी माहिती असलेल्यांनी पुढे यावे, असे आवाहन तपास यंत्रणांनी केले होते.

हौशी गुप्तहेरांचा खरोखर उपयोग होतो का?

होतो, पण विशिष्ट प्रकारच्या कामात. याचे सर्वांत जुने उदाहरण टेनेसी राज्यातील टॉड मॅथ्यूज या कारखाना कामगाराचे. केंटकी राज्यात १९६८ मध्ये तंबूच्या कापडात गुंडाळलेला एका तरुणीचा मृतदेह सापडला होता. ज्या माणसाला तो सापडला, त्याच्या मुलीशी मॅथ्यूज यांचे लग्न झाले आणि सासऱ्यांकडून ऐकलेल्या हकिकतीने त्यांना झपाटले. इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात ते रात्रीच्या रात्री बेपत्ता व्यक्तींच्या नोंदी चाळत. १९९८ मध्ये त्यांना एका बेपत्ता बहिणीचा शोध घेणाऱ्या स्त्रीचा मजकूर सापडला. वर्णन जुळत होते. त्यांनी ते अधिकाऱ्यांना कळवले, अवशेष उकरून डीएनए चाचणी झाली आणि ‘टेंट गर्ल’ला ३० वर्षांनी नाव मिळाले.

मॅथ्यूज पुढे ‘डो नेटवर्क’ या स्वयंसेवी उपक्रमात आणि नंतर ‘नेमअस’ या सरकारी यंत्रणेत सहभागी झाले. नेमअस ही अमेरिकेच्या न्याय विभागाच्या आधाराने चालणारी बेपत्ता आणि अनोळखी मृत व्यक्तींची राष्ट्रीय नोंदवही आहे. तिचा मोठा भाग सामान्य नागरिकांनाही पाहता येतो. एका बाजूला बेपत्तांची यादी, दुसऱ्या बाजूला अनोळखी मृतांची यादी ठेवून साम्य शोधायचे, हे वेळखाऊ काम मनुष्यबळ अपुरे असलेल्या पोलिसांना जमत नाही. ते चिकाटीच्या नागरिकांना जमते.

या यशांत एक समान धागा दिसतो. जिथे मृताचे नाव शोधायचे असते, जुळणीचा अंदाज आधी अधिकाऱ्यांना कळवला जातो आणि शेवटची खात्री वैज्ञानिक चाचणीने होते, तिथे हौशी मदत उपयोगी पडते. अंदाज चुकला तरी कोणाचे नुकसान होत नाही. यादीतील एक नाव कमी होते.

धोका कुठे आहे?

नावे मिळाली, की चर्चेचा विषय ‘मृत कोण’ वरून ‘मारेकरी कोण’ वर सरकतो. इथे अंदाज चुकला, तर त्याची किंमत एखाद्या जिवंत माणसाला मोजावी लागते. पूर्वीचा नवरा, प्रियकर, मित्र, शेजारी, शेवटचा फोन केलेला माणूस, सगळेच संशयाच्या यादीत येतात. त्यांचे फोटो, पत्ते, समाजमाध्यमांवरील जुने लिखाण शोधून काढले जाते.

एप्रिल २०१३ मधील बोस्टन मॅरेथॉन स्फोटांनंतर असेच घडले. रेडिटवरील हौशी तपासकांनी छायाचित्रांतील साम्यावरून ब्राऊन विद्यापीठातील भारतीय वंशाच्या एका विद्यार्थ्याकडे बोट दाखवले. तो स्फोटांच्या महिनाभर आधीपासून बेपत्ता होता आणि त्याचे कुटुंब त्याला शोधत होते. मुलाच्या शोधासाठी उघडलेल्या पानावर लोक शिवीगाळ करू लागले. खरे हल्लेखोर दुसरेच निघाले. काही दिवसांनी त्या विद्यार्थ्याचा मृतदेह नदीत सापडला. स्फोटांशी त्याचा काहीही संबंध नव्हता. रेडिटने नंतर जाहीर माफी मागितली.

नोव्हेंबर २०२२ मध्ये आयडाहो विद्यापीठाच्या चार विद्यार्थ्यांच्या खुनानंतरही एका टिकटॉकरने तिथल्या इतिहासाच्या प्राध्यापिकेवर आरोप करणारे व्हिडीओ टाकले. पोलिसांनी नंतर पकडलेला आरोपी तिसराच होता. प्राध्यापिकेला बदनामीचा दावा करावा लागला आणि न्यायालयाने तिच्या बाजूने निर्णय दिला.

तपासाचेही नुकसान होते. पोलीस काही तपशील मुद्दाम गुप्त ठेवतात. खरा साक्षीदार किंवा खरा गुन्हेगारच सांगू शकेल, असा तो तपशील असतो. चर्चेत तो फुटला, की नंतर येणाऱ्या जबाबाची किंमत कमी होते. शिवाय अनेक वर्षे एखादी कथा वाचत आलेला साक्षीदार आपली स्वतःची आठवण आणि वाचलेला मजकूर यांत गल्लत करू शकतो.

कुटुंबांवर काय परिणाम होतो?

बेपत्ता माणसाचे कुटुंब दोन शक्यतांच्या मध्ये अडकलेले असते. तो जिवंत असेल तर आपल्याला विसरला. मेला असेल तर आपण साधे अंत्यविधीही केले नाहीत. नाव निश्चित झाल्यावर ही अनिश्चितता संपते, पण त्याच दिवशी त्यांना खुनाची बातमी मिळते. ती बातमी जगासाठी ४४ वर्षे जुनी असते, त्यांच्यासाठी ताजी असते.

समटरच्या प्रकरणात दोघांची मृत्यूनंतरची छायाचित्रे आणि रेखाचित्रे इंटरनेटवर अनेक वर्षे फिरत होती. ओळख पटवण्यासाठी तोवर त्यांचा उपयोग होता. नावे आणि हयातीतील छायाचित्रे उपलब्ध झाल्यानंतर ती पसरवत राहण्याचे कारण उरत नाही. तरुणीच्या स्वभावाविषयी, दोघांच्या नात्याविषयी, त्यांनी घर का सोडले याविषयी जे तर्क केले जातात, ते त्यांची भावंडे आणि मुलेबाळे वाचू शकतात, याचे भान चर्चेत अनेकदा राहत नाही.

डीएनए देणाऱ्यांच्या खासगीपणाचे काय?

आपले पूर्वज शोधण्यासाठी नमुना देणाऱ्याने पोलीस तपासाला संमती दिली आहे का, हा प्रश्न गोल्डन स्टेट किलरच्या अटकेनंतर गाजला. मे २०१९ मध्ये जेडमॅचने नियम बदलले. पोलिसांच्या गुन्हे तपासासाठी आपली माहिती वापरू द्यायची असेल, तर वापरकर्त्याने तशी स्पष्ट परवानगी देणे बंधनकारक झाले. डिसेंबर २०१९ मध्ये हे संकेतस्थळ व्हेरोजेन या न्यायवैद्यक क्षेत्रातील कंपनीने विकत घेतले. तरीही एक अडचण उरतेच. एका माणसाने परवानगी दिली, की त्याच्या भावंडांची आणि त्यांच्या मुलांचीही काही जनुकीय माहिती आपोआप उघड होते. त्यांना कोणी विचारलेले नसते.

भारतात हे शक्य आहे का?

सध्या फारसे नाही. ही पद्धत ज्यावर उभी आहे, त्या खुल्या संकेतस्थळांवर भारतीयांचे नमुने फार कमी आहेत. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदीही सर्वत्र सारख्या उपलब्ध नाहीत. बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृत यांच्यासाठी स्वतंत्र डीएनए सूची ठेवण्याची तरतूद ‘डीएनए तंत्रज्ञान (वापर आणि उपयोजन) नियमन विधेयक, २०१९’ मध्ये होती. खासगीपणाच्या मुद्द्यावर त्याला विरोध झाला आणि जुलै २०२३ मध्ये सरकारने ते मागे घेतले. आपल्याकडे ‘बेवारस’ म्हणून नोंद झालेल्या मृतदेहाची ओळख आजही मुख्यतः कपडे, गोंदण, छायाचित्र, बोटांचे ठसे आणि नातेवाईकांशी थेट डीएनए तुलना यांवर अवलंबून असते. थेट तुलनेसाठी नातेवाईक कोण असावेत, हे आधी कळावे लागते.

पुढे काय होऊ शकते?

अमेरिकेत खुनाच्या गुन्ह्याला कालमर्यादा नाही. त्यामुळे समटर आणि ह्यूस्टन ही दोन्ही प्रकरणे कायद्याने जिवंत आहेत. पुढची प्रगती तीन मार्गांनी होऊ शकते. जपून ठेवलेल्या कपड्यांवर किंवा वस्तूंवर मारेकऱ्याचा डीएनए मिळाला, तर ज्या पद्धतीने मृतांची नावे मिळाली, त्याच पद्धतीने त्याचेही नाव शोधता येईल. दुसरा मार्ग म्हणजे त्या काळात मृतांना भेटलेल्या, आता सत्तरी-ऐंशीत असलेल्या एखाद्या माणसाने पुढे येऊन माहिती देणे. नावे आणि खरी छायाचित्रे प्रसिद्ध झाल्याने ही शक्यता पहिल्यांदाच निर्माण झाली आहे. तिसरा मार्ग जुन्या फाइलींचा : आता नावे माहीत असल्याने इतर राज्यांतील वाहतूक दंड, वाहन नोंदणी, गहाणवटीच्या पावत्या यांत ती शोधता येतात.

हौशी मंडळींना यातील दुसऱ्या आणि तिसऱ्या मार्गात हातभार लावता येतो. जुनी वृत्तपत्रे चाळणे, १९७६ मधील कॅम्पग्राउंड आणि ट्रक थांब्यांची माहिती जमवणे, त्या भागात राहिलेल्या वृद्धांपर्यंत छायाचित्रे पोहोचवणे ही कामे घरबसल्याही करता येतात. जे सापडेल ते आधी तपास अधिकाऱ्यांकडे पाठवायचे आणि खात्री होईपर्यंत कोणाचे नाव जाहीरपणे घ्यायचे नाही, ही टॉड मॅथ्यूज यांनी १९९८ मध्ये पाळलेली पद्धत आजही तितकीच लागू आहे. पामेला बकली आणि जेम्स फ्रॉइंड यांची नावे नोंदीत आली आहेत. ‘आरोपी’ या रकान्यात मात्र न्यायालयात टिकेल असे नाव अद्याप लिहिले गेलेले नाही.